उलटं कोरायचं, सुलट उमटायचं

जयसिंगपूर हे आपल्या भागातलं तरणं गाव. शाहू महाराजांनी आखून वसवलं आणि जन्मदात्या वडिलांचं, कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचं नाव त्याला दिलं. काटकोनात रस्ते, गल्ल्यांना नंबर. कंपोझिटरच्या पुढ्यातल्या खिळ्यांच्या केसला असतात तसे खण पाडलेलं गाव. एकोणिसाव्या शतकातलं जुनंपुराणं इथं शोधायला जाऊ नये, कारण गावच विसाव्या शतकातलं आहे. पण बाजारपेठेचं गाव म्हटलं की छपाई आली: पावतीपुस्तकं, हँडबिलं, आणि लगीनसराईत पत्रिका.

ऑफसेट येण्याआधीची पत्रिका आठवून पाहा. वर मधोमध गणपती, त्याखाली ‘श्री गजानन प्रसन्न’ आणि मग मजकूर. तो गणपती म्हणजे ब्लॉक. आरशात दिसावं तसं उलटं चित्र असलेला धातूचा पातळ पत्रा आणि तो ठोकून बसवलेला लाकडाचा ठोकळा. ठोकळ्याची उंची मनाला येईल तेवढी चालत नसे. शिशाचा खिळा साधारण तेवीस मिलिमीटर उंच असतो, त्याला समतल येईल इतकाच ब्लॉक उंच हवा. एवढंसं जरी खाली राहिलं तरी गणपतीची सोंड उमटायची नाही, आणि वर आलं तर कागद फाटायचा. मग ठोकळ्याखाली कागदाची चिटोरी सारून मेकरेडी करत बसायचं. हे जमलं की खिळे आणि चित्र एकाच चौकटीत आवळायचे, एकदाच शाई फिरवायची आणि ट्रेडलच्या एकाच दाबात दोन्ही कागदावर घ्यायची.

मजकूर आणि चित्र एका दाबात. पुस्तकातल्या चित्रांचा एकोणिसाव्या शतकातला निम्माअधिक इतिहास या पाच शब्दांत मावतो. मला यात रस वाटू लागला तो स्पॅनिश साहित्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध पुस्तकामुळं. ‘डॉन किहोते’मधला वाळका म्हातारा सरदार, त्याचा मरतुकडा घोडा आणि गाढवावरचा गोलमटोल सांचो ही जोडी पुस्तक न वाचलेल्यांनाही ओळखू येते. सर्व्हान्तिसनं ती शब्दांत घडवली, पण आपल्या डोळ्यांपुढं जी उभी राहते ती पॅरिसमध्ये लाकडावर कोरलेली आहे. आणि कोरणाऱ्याचं नाव बहुतेकांना ठाऊक नसतं. ही तक्रार आपल्याकडंही करता येते. त्यासाठी पॅरिसला जायची गरज नाही. जयसिंगपूरहून रेल्वेनं मिरजेला उतरलं तरी पुरे.

मिरजेत १८०५ साली भगवद्गीता छापली गेली. या गोष्टीचा शोध घेऊन ती नीट मांडली ती अ. का. प्रियोळकरांनी, भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासावरच्या १९५८ सालच्या इंग्रजी ग्रंथात. सुरुवात मात्र पुण्यातली. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारी होता, त्याच्याबरोबर जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार होता आणि त्यांच्या सहवासात पुण्यातली काही कसबी माणसं युरोपीय पद्धतीचं चित्रकाम शिकत होती. वेरूळची लेणी रेखाटणारा गंगाराम तांबट त्यांतलाच. तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरं कोरून छापण्याची युक्तीही या काळात पुण्यातल्या एका तांबटाच्या हाती आली. नाना फडणिसांनी त्याला गीता कोरायला घातली. १८०० च्या मार्चमध्ये नाना गेले, पुण्यात धामधूम सुरू झाली आणि तांबट मिरजेला आला. मिरजेचे गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांनी त्याला आश्रय दिला. त्याच सुमारास पुतण्या चिंतामणरावांशी वाटण्या होऊन सांगली वेगळी झालेली; घरात एवढी उलथापालथ चाललेली असताना या माणसानं गीता छापून घेतली, हे मला त्या पुस्तकाइतकंच नवल वाटतं.

तांब्यावरची छपाई ट्रेडलच्या अगदी उलट. ट्रेडलमध्ये उंचवट्यावर शाई लागते, तांब्यात ती खाचेत बसते. आधी सगळ्या पत्र्याला शाई चोपडायची, मग वरची पुसून काढायची. कोरलेल्या रेघांत राहील तेवढीच कामाची. त्यावर ओलसर कागद ठेवून पत्र्यासकट जड रुळांतून काढायचा, म्हणजे कागद खाचेत शिरून शाई ओढून घेतो. अक्षर सुलट उमटायचं तर कोरणाऱ्यानं प्रत्येक वेलांटी उलटीकडं वळवायची. ‘इ’ आणि ‘ह’ उलटे लिहून पाहा म्हणजे कळेल. पातेल्यांवर नावं घालणाऱ्या जमातीच्या एका माणसानं अठरा अध्याय असे कोरले. त्याच १८०५ साली बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण निघालं, त्यात देवनागरीचे सुटे खिळे होते. पुढं जग त्या वाटेनं गेलं. मिरजेची वाट तिथंच थांबली. आश्रयदात्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे. ज्यानं कोरलं तो इतिहासात ‘एक तांबट’ म्हणूनच राहिला.

योगायोग असा की ‘डॉन किहोते’चा पहिला भाग माद्रिदमध्ये निघाला तो १६०५ मध्ये, मिरजेच्या गीतेआधी बरोबर दोनशे वर्षं. त्यात चित्रं नव्हती. स्पेननं आपल्या या ग्रंथाचा थाटामाटात सचित्र मान राखला तो १७८० साली: रॉयल स्पॅनिश अकादमीनं होआकिन इबार्रा या मुद्रकाकडून चार खंड काढले. कागद उंची, खिळे उंची, चित्रं तांब्याची. आणि तिथंच अडचण होती. तांबं खाचेतून छापणार आणि खिळे उंचवट्यावरून, म्हणजे दोन वेगळी यंत्रं आणि दोन वेगळे दाब. चित्र स्वतंत्र पानावर छापून नंतर बांधणीत घालायचं. शिवाय पुसून पुसून नि दाबून दाबून तांब्याची रेघ लवकर झिजते. असं पुस्तक महागच पडणार. ते राजेरजवाड्यांच्या कपाटात गेलं, वाचकाच्या खिशात नाही.

मग लाकूड का नको? लाकडाचे ठसे तर जुनेच होते. क्रिस्तोबाल आकोस्तानं १५७८ मध्ये बुर्गोसला स्पॅनिशमध्ये छापलेलं हिंदुस्थानी औषधी वनस्पतींचं पुस्तक घ्या. त्याआधी पंधरा वर्षं गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथावरच ते बरंचसं उभं आहे, पण आकोस्तानं त्यात झाडांची चित्रं घातली, ती लाकडी ठशांची. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची झाडं अशी स्पॅनिश लाकडात शिरली. (उलट दिशेचंही सांगून टाकतो: ६ सप्टेंबर १५५६ ला गोव्यात पहिला छापखाना उतरला, तो चालवायला आलेला हुआन दे बुस्तामान्ते स्पॅनिशच होता. छापखाना निघाला होता हबसाणाला, म्हणजे इथिओपियाला, राहिला गोव्यात.) पण ते ठसे उभ्या चिरलेल्या फळीवर चाकूनं खोदलेले. फळीत लाकडाच्या शिरा आडव्या येतात, चाकू त्यात अडकतो. रेघ जाड येते, बारीक छटा जमत नाही.

इंग्लंडात थॉमस ब्युइकनं अठराव्या शतकाच्या अखेरीस फळी बाजूला ठेवली आणि ओंडक्याचा आडवा काप घेतला. लाकूड बॉक्सवूडचं, हस्तिदंतासारखं घट्ट. आडव्या कापात शिरा उभ्या येतात, त्यामुळं हत्यार कुठल्याही दिशेला सारखंच चालतं. हत्यारही बदललं: चाकू जाऊन धातूवर कोरायची टोकदार पोलादी सळई आली. ठोकळा वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवायचा, उजव्या हातानं सळई पुढं रेटायची आणि वळण घ्यायचं असेल तर हाताऐवजी ठोकळा फिरवायचा. जे खोदलं ते पांढरं, जे राखलं ते काळं. म्हणजे कोरणारा काळ्या पानावर पांढरी रेघ काढत असतो. बॉक्सवूडचं खोड हातभरही जाड नसतं, त्यामुळं मोठं चित्र हवं तर छोटे ठोकळे मागून बोल्टांनी जोडायचे. ठोकळा खिळ्याच्या उंचीचा केला की झालं. पत्रिकेवरच्या गणपतीसारखा तो मजकुराच्या मधोमध बसतो, त्याच दाबात उमटतो आणि हजारो प्रती निघाल्या तरी कुरकुरत नाही.

याचा फायदा पॅरिसच्या प्रकाशकांनी उठवला. चित्रकार तोनी जोहानोचा ‘डॉन किहोते’ १८३६–३७ मध्ये निघाला. त्यात सुमारे आठशे चित्रं, बहुतेक मजकुरातच पेरलेली. वाक्य संपतं तिथं चित्र, प्रकरण उघडतं तिथं चित्र. तांब्याच्या काळात हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. गंमत पुढं आहे. लाकडी ठोकळ्याचा साचा काढून त्यावर धातू ओतला की त्याची नक्कल तयार होते, आणि नक्कल विकता येते. जोहानोची चित्रं लंडनला गेली, चार्ल्स जार्व्हिसच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात बसली. १८३९–४० मध्ये बार्सिलोनाला गेली आणि बेर्ग्नेस या प्रकाशकानं स्पॅनिश मजकुरात घातली. स्पेनचा राष्ट्रीय ग्रंथ स्पॅनिश माणसानं वाचायचा आणि चित्रं पाहायची फ्रेंच हातांची! स्पेनमध्ये कोरणारे नव्हते असं नाही. माद्रिदच्या ‘सेमानारियो पिन्तोरेस्को’ या साप्ताहिकानं १८३६ पासून लाकूडकामाची एक पिढी उभी केली. पण तयार नक्कल विकत घेणं नवं कोरून घेण्यापेक्षा स्वस्त पडतं, हा हिशेब माद्रिदचा आणि मुंबईचा सारखाच.

या सगळ्यांवर कडी केली गुस्ताव्ह दोरेनं. १८६३ मध्ये आशेत प्रकाशनानं त्याचा ‘डॉन किहोते’ दोन मोठ्या खंडांत काढला. साडेतीनशेहून अधिक चित्रं, त्यांतली १२० पानभर. ही चित्रं आता इंटरनेटवर हवी तेवढी मोठी करून पाहता येतात. सुरुवातीचं चित्र प्रसिद्धच आहे. किहोते खुर्चीत बसलाय, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातातली तलवार उगारलेली, तोंड उघडं. भोवती वाचलेल्या गोष्टींमधले राक्षस, सरदार, सुंदऱ्या यांची दाटी. चित्र मोठं करत गेलं की आकृत्या विरघळतात आणि उरतात फक्त रेघा. किहोतेच्या पोटरीवरच्या गोलाईसाठी रेघा वळतात, खुर्चीच्या सावलीत एकमेकींना छेदतात, धुरकट राक्षसांपाशी इतक्या बारीक होतात की शाई धरतील की नाही अशी शंका यावी. राक्षस दूरचा आणि किहोते जवळचा, हे अंतर रेघेच्या जाडीनं ठरवलंय. दोरेनं यांतली एकही रेघ काढलेली नाही.

तो करत असे ते असं: ठोकळ्यावरच कुंचल्यानं शाई आणि पांढरा रंग वापरून छायाप्रकाशाचं चित्र रंगवायचं आणि कोरणाऱ्याच्या हवाली करायचं. धूसर राखाडी डाग कोरता येत नाही. लाकडाला काळं आणि पांढरं एवढंच कळतं. त्या डागाचं रेघांत काय करायचं, किती जवळ, किती वळवून, हे ठरवणारा एलिओदोर पिझाँ. ‘डॉन किहोते’चा मुख्य कोरणारा तोच, आणि चित्रांच्या कोपऱ्यात दोरेच्या सहीसमोर त्याची सही असते. मला विचाराल तर पवनचक्कीच्या चित्रातला निम्मा किहोते पिझाँचा आहे. पात्यानं घोडा आणि स्वार दोघांना उचलून उलटंपालटं फेकलंय, आणि मागच्या आभाळात नुसत्या समांतर रेघा आहेत. त्या रेघा जरा डुगडुगल्या असत्या तर वारा दिसला नसता. आपल्याकडं ढालगाव-जतच्या माळावर आता पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांची पाती पाहून कुणाला राक्षस आठवत असतील असं नाही, पण ज्यांना आठवतात त्यांना तो कुंचल्याचा आणि सळईचा संयुक्त उद्योग आठवत असतो.

तर मग मराठीत हे का झालं नाही? आपल्या अभिजात ग्रंथांना, ‘गुरुचरित्रा’ला, ‘पांडवप्रतापा’ला, ‘शिवलीलामृता’ला लाकडी चित्रांचा असा दोरे का मिळाला नाही? गरिबी, मागासलेपण ही उत्तरं मला पटत नाहीत. आपल्या हाती त्या वेळी दुसरंच काही आलं होतं: दगड.

शिळाप्रेसला उंचवटाही नको, खाचही नको. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या गुळगुळीत चुनखडीवर तेलकट शाईनं लिहा, पाणी फिरवा, मग छपाईची शाई फिरवा. तेलकट तेवढं शाई धरतं, ओलं ती झिडकारतं. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापलं. सोवळ्यातल्या मंडळींना शाईत चरबी असल्याचा संशय, म्हणून त्यांनी शाईत तूप वापरलं असं सांगतात. पण दगडाचा खरा फायदा तुपाचा नव्हता. पोथी म्हणजे आडवी, सुटी पानं. अक्षर वळणदार, शिरोरेघ सलग, जोडाक्षरं कानामात्र्यांसकट एकमेकांत गुंतलेली. देवनागरीचे खिळे तेव्हा बोजड होते, वरची मात्रा आणि खालचा उकार वेगवेगळा जुळवायचा. दगडावर मात्र पोथी लिहिणाराच बसवता येई. त्याचं नेहमीचं वळण जसंच्या तसं छापून येई. आणि ज्या हातानं अक्षर लिहिलं त्याच्याच शेजारी दुसऱ्यानं शेषशायी काढला, तर दोन्ही एकाच दगडावर, एकाच दाबात! युरोपानं जो पेच लाकडानं सोडवला, तो आपण दगडानं सोडवला. कोरणारा मधला माणूस गळाला. कागदावर येते ती रेघ काढणाऱ्याचीच असते, पिझाँ लागत नाही.

गमावलं काय, तेही सांगितलं पाहिजे. दगडावरच्या स्वस्त पोथ्यांतली चित्रं बरेचदा घाईची, चेहरे सगळे सारखे. आठवड्याभरात काढून टाकलेल्या सावित्रीत आणि द्रौपदीत फरक फक्त नावाचा. कोरणाऱ्याला वेळ लागतो, आणि त्या वेळात त्याला विचार करावाच लागतो. ही सक्ती आपल्या पोथ्यांतल्या चित्रांना झाली नाही.

लाकडाचे ठसे मराठीत आलेच नाहीत असं नाही. ते आले मिशनऱ्यांच्या वाटेनं. अमेरिकन मिशननं १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू केलेल्या ‘ज्ञानोदया’त चित्रं येत, पुढं मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ निघाला. इथं खिळे होते, म्हणून ठोकळेही होते. मिशनच्या मुंबईच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमनं मराठी खिळे सुधारले, तिथंच पोरवयात जावजी दादाजी शिकले, आणि त्यांनी राणोजी रावजी आरूंच्या कोरीव हाताच्या जोरावर १८६४ मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री काढली, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. आरू ठसे कोरत ते अक्षरांचे, पोलादात, उलटे. आपल्याकडचे पिझाँ शोधायचे तर चित्रांत शोधू नयेत, निर्णयसागरच्या खिळ्यांत शोधावेत. संस्कृत पोथ्या वाचणाऱ्यांनी तीन पिढ्या आरूंचं अक्षर वाचलं आणि नाव मात्र जावजींचं घेतलं. मिरजेच्या तांबटापेक्षा आरू नशीबवान, निदान नाव तरी उरलं.

चित्रांचं काम मात्र दगडाकडंच राहिलं. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह पुण्यात चित्रशाळा काढली, १८९४ मध्ये रविवर्म्यानं गिरगावात छापखाना घातला. देव भिंतीवर आले, रंगीत झाले, पुस्तकाच्या बाहेर पडले. तिकडं युरोपात लाकडाचा कारभार आटोपत होता. दानियेल व्हिएर्झ या स्पॅनिश चित्रकारानं १८८२ मध्ये केवेदोच्या ‘बुस्कोन’ या कादंबरीसाठी केलेली रेखाटनं छायाचित्राच्या मदतीनं थेट धातूवर उतरवली गेली, मधल्या कोरणाऱ्याला रजा. पाठोपाठ हाफटोन आला. जाळीतून फोटो काढायचा, राखाडी रंगाचे लहानमोठे ठिपके करायचे, आम्लानं जस्त खायचं. पिझाँ रेघांनी महिनोन्महिने जे करत होता ते जाळी एका दुपारी करू लागली. ‘मनोरंजन’ मासिकानं १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तो या ब्लॉकच्या जोरावरच. आजच्या दिवाळी अंकांची वंशावळ तिथून सुरू होते.

‘डॉन किहोते’ आपल्या भागात आला का? आला, पण भलत्याच वळणानं. कार्ल टिल्डन केलर नावाच्या अमेरिकन संग्राहकाला हा ग्रंथ जगातल्या शक्य तितक्या भाषांत हवा होता. त्यानं ऑरेल स्टाइनकरवी काश्मिरात शब्द टाकला आणि १९३० च्या दशकात नित्यानंद शास्त्री आणि जगद्धर जाडू या पंडितांनी पहिल्या भागातली आठ प्रकरणं संस्कृतात आणली. मूळ म्हणून त्यांच्यापुढं होतं जार्व्हिसचं इंग्रजी, ज्यात शंभर वर्षांपूर्वी जोहानोचे ठोकळे बसवले होते तेच भाषांतर. ते हस्तलिखित केलरच्या संग्रहातून हार्वर्डला गेलं, विस्मरणात पडलं आणि अखेर द्रागोमिर दिमित्रोव्ह या अभ्यासकाच्या संपादनानं २०१९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या पाली विभागाच्या मालेत छापून निघालं.

आता घरच्या कामाचं. आपल्या शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीच्या दत्ताच्या टापूत, माळ्यावर कापडात बांधलेली छापील पोथी नाही असं जुनं घर विरळा. ती उघडलीत तर पान उलटं करून उजेडात तिरकं धरा. मागच्या बाजूला अक्षरांचे उंचवटे बोटाला लागले तर ते खिळे, आणि चित्राच्या जागीही तसाच उठाव असेल तर तो ठोकळा, लाकडी किंवा धातूचा. कागद मागून सपाट, अक्षर हातचं, शाई जराशी फिकट, तर दगड. चित्राभोवती चौकोनी दबलेली कड असेल आणि रेघेवर बोट फिरवल्यावर शाई किंचित वर आलेली जाणवेल, तर ते तांबं. तसं काही सापडलं तर एखाद्या विद्यापीठाच्या हस्तलिखित विभागाला किंवा जाणकाराला दाखवल्याशिवाय रद्दीत घालू नका. भिंगातून ठिपके दिसले तर पोथी बहुधा विसाव्या शतकातली, ती वाचायला ठेवा. आणि पान फाटलेलं असेल तर सेलोटेप अजिबात लावू नका; त्याचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडतो आणि शाईसकट कागद खातो.